उभ्या पाण्याची तालीम

आमच्या हणमंततात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ऑपरेशनच्या आठवडाभर आधीच ते उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून गावात हिंडायला लागले. पारावर पट्टी लावून बसायचे, डेअरीत दूध घालायला पट्टी लावून यायचे. माणसं थांबून काळजीनं विचारायची, "तात्या, कसं झालं ऑपरेशन?"

"व्हायचं हाय अजून," तात्या सांगायचे. "ही तालीम हाय."

पट्टीच्या बाजूनं आलेल्या एका सायकलवाल्याला ते धडकले आणि धोतर झटकत उठून त्यालाच म्हणाले, "बरं झालं आताच धडाकलास. ऑपरेशन झाल्यावर धडाकला आसतास तर केवढ्याला पडलं आसतं!" तो बिचारा माफी मागून निघून गेला.

वडगाव निंबाळकरात तात्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे काय चाललंय ते मला ऐकू येतं आणि इकडचं त्यांना. घराच्या पुढच्या खोलीत आमचं मेडिकल आहे. मी आणि माझा नवरा महेश, दोघं मिळून ते चालवतो. तात्या मला डॉक्टरीणबाई म्हणतात. मी डॉक्टर नाही, गोळ्या विकते, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता मी ओ देते.

तात्यांचं एकच म्हणणं असतं. "तालीम केल्याबिगर काय खरं न्हाय." मुलाच्या लग्नाच्या पंगतीला अंगण पुरतंय का ते बघायला त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या आळीला बोलावून रिकाम्या पत्रावळ्यांवर बसवलं होतं. वाढपी रिकाम्या बादल्या घेऊन "भात, भात" करत फिरले. मंडळी नुसतं पाणी पिऊन उठली आणि घरी जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. एकदा लासुर्ण्याला कुणाच्या तरी घरी भेटायला जायचं होतं, माणूस गेला होता. तात्या आमच्या दुकानात आले आणि महेशला म्हणाले, "समज, तुझा भाऊ गेलाय. जरा तोंड पाड." महेशनं तोंड पाडलं. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, "सोन्यासारखा माणूस हो" म्हणून डोळ्याला उपरणं लावलं, आणि नेमका त्याच वेळी माझा धाकटा दीर दारातून आत आला. त्यानं ते तसंच ऐकलं. आजही तो तात्यांना बघितलं की रस्ता बदलतो.

असा हा माणूस. गावात चेष्टा होते, पण कुणाचंही कार्य निघालं की पहिलं बोलावणं तात्यांना जातं, कारण त्यांची तालीम झाली की कार्यात मीठ कमी पडत नाही.

आता इंदूकाकीबद्दल सांगते. तात्यांची बायको. बारीक चणीची, तोंडानं फटकळ आणि हातानं मोकळी. तिनं आमटी केली तर आमच्याकडे एक वाटी भिंतीवरून येणारच. काकी माझ्याशी जेवढं बोलते त्याच्या दुप्पट चंद्रीशी बोलते. चंद्री ही म्हैस. मागच्या वेताला तिचं रेडकू दगावलं, आणि तेव्हापासून तिनं एक नवाच हट्ट धरला. काकी जवळ बसली, पाठीवर थाप मारली, "सोड गं माझे बाय" म्हणाली, की ती पान्हा सोडणार. दुसरं कुणीही बसलं तर दगड. तात्या बसले, बादली उडाली. पलीकडच्या आळीतली सुमन बसली, सुमन उडाली. सुई टोचून दूध काढायला काकी तयार नव्हती. "लेकरू गेलंय तिचं, वर आणि सुया कशाला?" म्हणाली. आणि वेळेला दूध निघालं नाही तर कास सुजते, म्हैस हातची जाते.

म्हणजे झालं काय, सकाळी आणि संध्याकाळी काकी गोठ्यात पाहिजेच. तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न लासुर्ण्याला होतं. अक्षता पडल्या, काकी न जेवता उठली आणि धारेच्या वेळेला घरी हजर. नातवाच्या बारशाला पुण्याला गेली नाही. तात्या एकटे जाऊन आले.

मागच्या श्रावणातली गोष्ट. काकी तात्यांच्या गुडघ्याचं मलम न्यायला दुकानात आली होती. गिऱ्हाईक नव्हतं, मी मोबाइलवर बघत बसले होते. कुठलासा धबधबा होता. काकी माझ्या खांद्यावरून वाकली.

"हे कुठलं गं, मंजू?"

"भोरच्या वर, घाटाच्या अलीकडं."

"म्हंजे आपल्या कालव्याचं पाणी तिकडनंच येतंय की!"

"तिकडचंच."

काकीनं ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुण्यासारखा. ढग येतात, वरच्या वर पुढे जातात. पाणी यायचं ते कालव्यानं, पाळी आली की. तेही गपचूप, पाटातून.

"जल्मभर आडवं पाणी बघितलं," काकी म्हणाली. "उभं पाणी समोरनं कसं दिसत आसंल गं?"

"चला की मग. आपल्या बचत गटाच्या बायका काढू, महेश जीप काढेल. सकाळी जायचं, चालत वर जायचं, संध्याकाळी परत."

"आन् चंद्री?" काकी हसली, मलम घेतलं आणि निघाली. दारात तात्या उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सहल काढा. पण तालीम करावी लागंल."

दुसऱ्या दिवसापासून गावावर संक्रांत आली.

आमचा मुलूख सपाट. चढ म्हणून काही सापडत नाही. तात्यांनी शोधून शोधून ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी काढली. तिच्या जिन्यावरून बचत गटाच्या बायकांनी रोज सकाळी चढ-उतार करायचा. प्रत्येकीच्या पाठीला पिशवी, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली. तात्या खाली शिट्टी घेऊन उभे. ही शिट्टी आणि एक टोपी त्यांनी बारामतीहून खास आणली होती. पाणी सोडणारा शिपाई ओरडायला लागला, "तात्या, ही टाकी हाय का गड हाय?" तात्यांनी त्यालाच पिशवी देऊन वर पाठवलं.

मग घसरडं. धबधब्याजवळ शेवाळ असतं. तात्यांनी विहिरीवरची मोटार चालू करून बांधावर पाणी सोडलं, काळ्या रानाचा चिखल केला आणि बायकांना त्यावरून चालवलं. सुमन दोनदा बसली. तिसऱ्यांदा ती उभीच राहिली नाही, "मी हितंच बरी हाय" म्हणाली. काकी मात्र नऊवारीचा काष्टा मारून पलीकडे गेली आणि उलट सुमनला हात द्यायला परत आली.

त्यावर कडी म्हणजे गिरणी. "धबधब्याला आवाज लई," तात्या म्हणाले. "एखादी पडली, हाक मारली, ऐकूच आलं न्हाय तर?" म्हणून सगळ्यांना दळणाच्या गिरणीत नेलं आणि पट्टा चालू असताना एकमेकींशी बोलायला लावलं. कानाजवळ तोंड न्यायचं, एका वेळी एकच शब्द बोलायचा, हातानं खूण करायची. बाहेर आलो तेव्हा आम्ही सगळ्या पांढऱ्या झालो होतो. गिरणीवाला महेशकडे तक्रार घेऊन आला, आणि महेशनं, म्हणजे माझ्या सख्ख्या नवऱ्यानं, "तिला मीच आवरू शकत नाही, तुला काय सांगू" म्हणून हात वर केले.

हसू येत होतं, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात जायला लागली होती. तात्या प्रत्येक तालमीला काकीला ओढून आणायचे. "तू फकस्त जागा भरायला यी. तालमीत जागा मोकळी ऱ्हायली की अंदाज चुकतोय." काकी यायची. सगळ्यांत चटकन टाकी चढायची. वर पोचली की कठड्याला धरून लांब बघत राहायची. सगळीकडे ऊस आणि त्यातून गेलेली कालव्याची रेघ. खालून शिट्टी वाजली की उतरायची आणि धारेची वेळ झाली म्हणून घरी पळायची.

जाणार कोण? टोपी घालून, शिट्टी फुंकत तात्या. आणि ही बाई घरी म्हशीपाशी. उपाशी माणसाला समोर बसवून जेवायचं ते हेच. मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की पोटात राहत नाही.

जायच्या दोन दिवस आधी दुपारी दुकान महेशवर टाकलं आणि तडक तात्यांच्या घरी गेले. आज म्हाताऱ्याला सुनावायचंच. काकी भजनाला गेलेली, म्हणजे मोकळं मैदान. घरात कुणी नव्हतं. गोठ्यात गेले तर काकी पाठमोरी चंद्रीजवळ बसलेली. तिची ती नेहमीची हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात बांगड्यांचा आवाज, आणि "सोड गं माझे बाय, सोड गं" चाललेलं.

"काकी, भजनाला गेला नाहीत?" मी म्हणाले.

काकीनं मान वळवली. काकीला मिशा होत्या.

मी किंचाळले. चंद्रीनं पाय झाडला. तात्या पाठीमागे शेणात बसले आणि तसेच पदर सावरत माझ्याकडे बघून कुजबुजले, "वरडू नगासा! बिथरंल ती!"

बांगड्या त्यांच्या हातात चढल्या नव्हत्या, म्हणून सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या होत्या. कपाळाला कुंकू लावलेलं. अंगाला काकीच्या साबणाचा वास येत होता.

"तात्या, हे काय?"

"तालीम," तात्या म्हणाले. आवाज खाली गेला होता. "तिला वासाची सवं हाय. साडीची सवं हाय. तुमच्या काकीची बैठक आसती, ती भजनाला जाती, तवा तवा येऊन बसतोय. श्रावण लागल्यापास्नं चाललंय. आधी जवळ यिऊ द्यायची न्हाय. आता कासंला हात लावू देती."

"पण कशासाठी?"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मेडिकल चालवणारी बाई एवढी मठ्ठ कशी.

"सहलीला इंदी जायची हाय," ते म्हणाले. "मी कुठं चाललोय? माझं गुडघं कुठं चालत्यात डोंगरात? आख्ख्या गटात तिच्याएवढी चढणारी कोण हाय, सांगा बरं? तिला आधी सांगितलं तर ती ऐकायची न्हाय. म्हनंल, चंद्री न्हाय द्यायची. म्हणून तिला न सांगता तिची तालीम करून घेतली."

"आणि चंद्रीनं त्या दिवशी नाही दिलं तर?"

"तेच भ्याव हाय," तात्या म्हणाले आणि पदरानं घाम पुसला. "आजवर थेंब काढून बघता आला न्हाय. काढला तर तुमच्या काकीला सांजंला कमी लागंल, तिच्या ध्यानात यील. ह्याची तालीमच करता येत न्हाय, डॉक्टरीणबाई. एकदम खरंच करायचं."

तालीम न करता करायची अशी एक तरी गोष्ट त्यांच्या आयुष्यात निघाली होती. त्यांना झोप लागत नव्हती, हे त्यांनी मला तिथंच सांगितलं, आणि गोळी मागितली. मी दिली नाही. सुनावायला आले होते ते मात्र सगळं गिळलं आणि परत गेले.

सहलीचा दिवस. महेशनं जीप दारात आणली. बायका टाकीच्या तालमीच्या शिस्तीत चढल्या. तात्या टोपी, शिट्टी, सगळा जामानिमा करून पुढच्या सीटवर बसलेले. काकी सकाळची धार उरकून, घरच्या साडीतच, भाकरीचं गाठोडं द्यायला बाहेर आली.

"ऐकतीस का," तात्या खाली उतरत म्हणाले, "ही शीट जरा खाली गेल्यावानी वाटती. बसून बघ बरं."

"मला काय कळतंय शीटातलं?"

"बस तर खरं."

काकी बसली. तात्यांनी दार लावलं, मागं सरकले आणि महेशला म्हणाले, "सोड गाडी." महेशला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं सोडली.

"आवं! आवं, चंद्री! आवं, धार कोण काढणार हाय? मंजू, थांबव गं ह्याला! माझ्या अंगावर घरची साडी हाय!" काकीचा आवाज अख्ख्या आळीनं ऐकला. मागं वळून बघितलं तर तात्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून शिट्टी फुंकत होते, थांबायची की जायची ते त्यांनाच माहीत.

मी तिच्या मांडीवर एक पिशवी ठेवली. तात्यांनी आदल्या दिवशीच माझ्याकडे दिली होती. तिची ठेवणीतली साडी, बीपीच्या गोळ्या, मिश्रीची डबी, आणि जळवांसाठी मिठाची पुडी. काकीनं एकेक वस्तू बाहेर काढली, परत आत ठेवली. नीरेपर्यंत ती उतरायचंच म्हणत होती. मग मी तिला गोठ्यातली सगळी हकिकत सांगितली.

"माझी साडी निसून?" काकी म्हणाली.

"हो."

"हिरवी?"

"हिरवी. आणि कुंकू."

मग काकी जी हसत सुटली ती लोणंद आलं तरी थांबेना. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सगळी जीप हसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "येडा हाय माणूस. न्हाय देणार ती. लाथ घालंल त्येला." पण उतरायचं म्हणाली नाही.

भोर सोडलं आणि पावसात शिरलो. गाडी जिथपर्यंत जाते तिथं लावली आणि पायवाटेनं निघालो. भाताची खाचरं, मग ओढा, मग दगडांचा चढ. सुमन तालमीत जेवढी पडली होती त्याच्या निम्मीच पडली. काकी पुढं. वळणावर आवाज यायला लागला, गिरणीसारखाच, पण थांबायचं नाव नाही. शेवटच्या खडकाला वळसा घालून गेलो आणि समोर ते उभं पाणी.

काकी थांबली. डोक्यावरचा पदर खाली पडला, तो तिनं उचलला नाही. वरून खालपर्यंत बघितलं, खालून वरपर्यंत बघितलं. तोंडावर तुषार येत होते. मग तालमीत शिकवल्याप्रमाणे माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडली,

"ही पाळी कुणाची हाय गं?"

"कुणाचीच नाही, काकी!"

"आन् एवढं सोडून ठेवलंय?"

कालव्याच्या गावची बाई ती. मध्यरात्री उठून पाटाचं दार धरायला गेलेली, शेजारणीशी पाण्यावरून भांडलेली. तिला काय वाटलं असेल ते मला सांगता येणार नाही. ती पुढे गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि हात पसरले. अंगावरची साडी भिजली, ठेवणीतली पिशवीत कोरडी राहिली. बराच वेळ तिला कुणी हाक मारली नाही. शिट्टी फुंकायला तात्या नव्हतेच.

खाली उतरून भोरजवळ चहाला थांबलो तेव्हा धारेची वेळ झालेली. काकी पाय धुवायला हापशावर गेली होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. तात्या.

"दिलं!" आधी नुसतं एवढंच ऐकू आलं. मग दम घेऊन, "डॉक्टरीणबाई, दिलं! आधी पाय झाडला, मी म्हणलं संपलं. मग थाप मारली, म्हणलं सोड गं माझे बाय... आन् सोडला की पान्हा! बादली भरली! आवो, मी रडलो!"

"काकीला देते फोन..."

"नगा, नगा! सांगू नगा! डेअरीला घालतच न्हाय हे दूध. बादली झाकून ठिवतो. आल्यावर म्होरं धरीन. तोंड बघायचंय मला तिचं."

मी कबूल केलं. माझंही मन भरून आलं होतं.

परतीच्या वाटेवर काकी खिडकीशी बसलेली. बाकीच्या बायका पेंगत होत्या. अंधार पडत चालला होता. काकीच्या हाताची बोटं मांडीवर आपोआप मिटत-उघडत होती, धार काढताना होतात तशी.

"न्हाय दिलं आसणार तिनं," काकी म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. "तटून गेली आसंल. माझी वाट बघत आसंल."

"दिलं असेलही, काकी," मी सांभाळून म्हणाले.

"न्हाय गं." तिनं मान हलवली. "पोरगा पुण्याला गेला, त्येचं बरं चाललंय. सुनंला माझ्या हातचं तिखट लागतंय. यांच्या तर सगळ्याच तालमी झाल्यात, उद्या मी न्हाय ऱ्हायले तरी चूल पेटवत्याल. माझ्यावाचून कुणाचं काय आडत न्हाय, मंजू. त्या मुक्या जनावराचं तेवढं आडतंय."

तिचा आवाज रडका नव्हता. लोणंदचे दिवे दिसतात असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. त्या झाकून ठेवलेल्या बादलीचं काय करायचं? मी हळूच तात्यांना फोन लावला. वाजत राहिला. ते फोन घरात टाकून दारात उभे असणार, हे मला वडगाव यायच्या आधीच कळलं होतं.

तसंच होतं. जीप थांबायच्या आत तात्या पुढे आले. साडी सोडली होती, पण मनगटाला सुतळीतल्या बांगड्या तशाच होत्या. मिशीखाली हसू मावत नव्हतं. मी जीपमधूनच हातानं नको नको म्हणून खुणा केल्या. गिरणीतल्या तालमीत असली खूण नव्हती, त्यांना कळली नाही. ते मला हात हलवून "आलीसा व्हय" म्हणाले.

काकी उतरली ती सरळ गोठ्यात. चपलासुद्धा काढल्या नाहीत. आम्ही मागोमाग. बल्बखाली चंद्री रवंथ करत उभी, आणि बाजूला फडक्यानं झाकलेली बादली.

"दिलं का वो तिनं?" काकीनं विचारलं.

तात्यांनी तोंड उघडलं. ते वाक्य त्यांनी संध्याकाळपासून कितीदा म्हणून बघितलं असेल, देव जाणे. पण ते काकीच्या तोंडाकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचं हसू मिशीतच विरलं. लग्नाला आयुष्य झालेलं. माझ्यासारखं त्यांना जीपमधलं बोलणं ऐकावं लागलं नाही.

"न्हाय," तात्या म्हणाले. "कुठलं देतीया? लाथ घातली मला."

"मग ही बादली कसली?"

"ही व्हय? ही सुमनच्या घरनं आणली. च्याला."

चहाला बादलीभर दूध. सुमन माझ्या शेजारीच उभी होती, तिनं "आमच्या" म्हणून तोंड उघडलं, आणि मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ दोन दिवस राहिला.

काकीनं हात धुतले. चंद्रीजवळ बसली, पाठीवर थाप मारली आणि कासेला हात लावला. हात तिथंच थांबला. कास लोंबत होती, रिकामी, मला लांबूनसुद्धा दिसत होतं. जन्मभर धारा काढलेल्या बाईला बोट लागताच कळलं असणार. तिनं एकदा त्या बादलीकडे बघितलं. मग तात्यांच्या मनगटाकडे बघितलं. तात्या खाली शेणाकडे बघत उभे होते.

काकीनं डोकं चंद्रीच्या कुशीला टेकवलं.

"बघा की, कशी तटून बसलीया," ती मोठ्यानं म्हणाली, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शानी माझी बाय. माझ्याबिगर कुणाला म्हणून दिलं न्हाईस."

"न्हाय दिलं," तात्या म्हणाले. "लई मिनत्या केल्या. न्हायच दिलं."

मी सुमनचा हात धरून बाहेर आले आणि जाताना गोठ्याचं दार ओढून घेतलं.